लस दिलेल्या मुलांनाच गोवर निघाला. मग लस चालली की नाही, हे मोजायचं कसं?

कडुनिंब | गुरुवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी नगर रस्त्याला राहते. घराजवळ एका मोठ्या इमारतीचं काम चालू आहे आणि मागच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांत मजुरांची कुटुंबं राहतात. कुणी नांदेडचं, कुणी यवतमाळचं, बरीचशी छत्तीसगड आणि बिहारची. आम्ही तिघी मैत्रिणी आठवड्यातून तीन संध्याकाळी तिथल्या मुलांचा अभ्यास घेतो.

गेल्या पंधरवड्यात तिथे गोवर आला. आरोग्य केंद्राची माणसं येऊन गेली, परत लसीकरणाचं सत्र लावणार म्हणाली. तेवढ्यात तिथला मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, ज्यांना सुई दिली त्यांनाच तर निघाला. परत कशाला टोचायचं?" आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावल्या.

मी आजारी मुलांच्या आयांशी बोलले. निम्म्याहून जास्त आया खरोखरच म्हणाल्या की, लस दिलेली आहे. मला मुकादमाला काही उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

माझा प्रश्न असा: जिथे प्रयोगशाळा नाही, नोंदी अर्धवट आहेत, माणसं दर चार महिन्यांनी जागा बदलतात, तिथे लस किती काम करते हे कळतं तरी कसं? की तिथे फक्त विश्वास ठेवायचा?

---

सुईदोरा | गुरुवार, रात्री १०:०५

ताई, आधी मुलांचं बघा, आकडे नंतर. आजारी मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस मिळाले का? आज एक आणि उद्या एक, असे लागोपाठ दोन दिवस द्यायचे असतात. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर पन्नास हजार युनिट, सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत एक लाख, वर्षाच्या पुढे दोन लाख. गोवरात डोळे जातात आणि न्यूमोनियाने मुलं दगावतात. त्यासाठी हे औषध फार मोलाचं. धाप लागलेलं, दूध न पिणारं मूल दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

मी एकतीस वर्षं एएनएम, म्हणजे गावोगाव लस देणारी सरकारी परिचारिका होते, आता निवृत्त. उद्या सविस्तर लिहिते.

---

कडुनिंब | गुरुवार, रात्री १०:२०

@सुईदोरा, हो ताई, पहिला डोस दिला आहे, दुसऱ्याचं उद्या सकाळी जाऊन बघते. दोन मुलं दवाखान्यात आहेत, पण सुधारतायत.

---

आकडेमोड | गुरुवार, रात्री ११:१५

मुकादमाचं निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष चुकला आहे. उदाहरण घेऊ. आकडे मी मनाने घेतोय, तुमच्या वस्तीचे नाहीत.

समजा, एका गावात १,००० मुलं. ९०० जणांना लस दिलेली, १०० जणांना नाही. गोवर आला आणि ४० मुलं आजारी पडली. त्यातली २४ लस घेतलेली, १६ न घेतलेली. मुकादम म्हणेल, आजारी मुलांत ६० टक्के लसवाली, म्हणजे लस कुचकामी.

आता प्रत्येक गटाचा वेगळा हिशोब करा. लसवाल्या ९००पैकी २४ आजारी, म्हणजे शंभरात पावणेतीनाच्या आत. बिनलसीच्या १००पैकी १६. दोघांनाही गोवर व्हायची सारखीच संधी होती असं धरलं, तर लसीने धोका सुमारे ८३ टक्क्यांनी कमी केला.

आणि गावातल्या झाडून सगळ्या मुलांना लस दिली असती तर? जे दोनचार आजारी पडले असते, ते शंभर टक्के लस घेतलेलेच निघाले असते. म्हणून फक्त आजारी मुलं मोजून काही कळत नाही. जी आजारी पडली नाहीत, त्यांच्यात लस किती जणांना मिळाली होती, हे माहीत हवं.

---

पेठेतला | गुरुवार, रात्री ११:३२

आकडेमोड, हे इतकं सोपं करून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली. उद्या ऑफिसात एका सहकाऱ्याला दाखवणार, तो नेमकं मुकादमासारखंच बोलतो.

---

रानजाई | शुक्रवार, सकाळी ७:५०

आकडेमोड यांचा हिशोब बरोबर आहे. साथीत पहिला अंदाज घ्यायला जगभर हीच पद्धत वापरतात, कारण तिला फार काही लागत नाही. पण त्यातला '९०० मुलांना लस मिळाली' हा आकडा आला कुठून, यावर सगळं अडतं. मी समाजवैद्यकात काम करते. आमची अर्धी भांडणं ह्याच आकड्यावर होतात.

तीच ४० मुलं, तीच २४ आणि १६ घ्या. लसीकरण खरं ८० टक्केच असेल, तर लसीचा उपयोग ६२ टक्क्यांवर येतो. ९५ टक्के असेल, तर तो ९२ होतो. आजारी मुलांची यादी तीच, लसही तीच, उत्तर मात्र ६२ पासून ९२ पर्यंत कुठेही.

कागदावरचं लसीकरण म्हणजे दिलेले डोस भागिले अपेक्षित मुलं. अपेक्षित मुलं जुन्या जनगणनेवरून काढलेली असतात. स्थलांतरित मुलं खाली मोजलेलीच नसतात, पण डोस वर मोजला जातो. म्हणून काही ठिकाणी लसीकरण शंभर टक्क्यांच्या पुढे गेलेलं दिसतं. कडुनिंब, तुमच्या वस्तीला पुणे जिल्ह्याचा आकडा लावला तर उत्तर हमखास चुकेल. त्या वस्तीचाच आकडा हवा.

---

खडीसाखर | शुक्रवार, सकाळी ९:१०

मला एक कळत नाही. लस बाजारात येण्याआधी चाचण्या होतात. तिथे हजारो लोकांवर मोजलेलं असतं. मग गावोगाव परत मोजायची गरज काय? एवढ्या पैशात अजून लस घेता येईल.

---

पारिजात | शुक्रवार, सकाळी १०:००

खडीसाखर, मी बालरोगतज्ज्ञ आहे. प्रश्न योग्य आहे, पण मला अजिबात पटत नाही.

चाचणीत लस ठरल्या वयात, ठरल्या तापमानात, ठरलेल्या हाताने दिली जाते. गावात पोचेपर्यंत तिने काय काय सोसलेलं असतं! गोवर-रुबेलाची लस म्हणजे कोरडी पूड. ती द्रावणात मिसळली की चार तासांत वापरायची, उरलेली टाकायची. कुणी जीव तोडून वाचवलेली कुपी दुपारनंतर वापरली, तर बाळाला सुई मिळते पण संरक्षण नाही. उलट पेंटा (पाच आजारांची एकत्र लस), हिपॅटायटिस बी ह्या लशी गोठल्या की वाया जातात. बर्फाचे पॅक फ्रीजरमधून काढून लगेच कॅरियरमध्ये, म्हणजे लस न्यायच्या पेटीत कोंबले, तर भर उन्हाळ्यातही लस गोठते. कुपीवर वर्तुळात चौकोन अशी खूण असते, तिचा बदललेला रंग उष्णता लागल्याचं सांगतो, गोठल्याचं सांगत नाही.

शिवाय वय. नऊ महिन्यांच्या बाळात आईकडून आलेली प्रतिपिंडं (रोगाशी लढणारे रक्तातले घटक) थोडी शिल्लक असतात, ती लसीलाच अडवतात. त्या वयात एका डोसाने साधारण ८५ टक्के मुलं सुरक्षित होतात, वर्षानंतर दिला तर ९०च्या पुढे. मग सरसकट वर्षानंतर का देत नाही? कारण आपल्याकडे तोवर गोवर बाळाला गाठतो. म्हणून नऊ महिन्यांना एक आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा.

तेव्हा चाचणीत एक आकडा निघतो आणि वस्तीत दुसरा. दोन्हींतली तफावत मोजली नाही तर दोष लसीत आहे, फ्रीजमध्ये आहे की आपल्या यादीत, हे समजणारच नाही.

---

सुईदोरा | शुक्रवार, दुपारी १:३०

काल म्हटल्याप्रमाणे लिहिते.

कडुनिंबताई, "लस दिलीय" असं आई म्हणाली म्हणून दिलीच असं धरू नका. आई खोटं बोलत नाही. तिला दहा ठिकाणी दहा सुया टोचलेल्या आठवतात, कोणती कशाची ते कुणी सांगितलेलं नसतं. आणि काही जणींना भीती असते की नाही म्हटलं तर बाई ओरडेल. आम्ही ओरडायचोही. त्याचं आज वाईट वाटतं.

विचारायची रीत अशी. "गोवराची दिली का?" असं विचारायचं नाही. विचारायचं, "बाळ रांगायला, धरून उभं राहायला लागलं त्या सुमाराला उजव्या दंडावर सुई दिली होती का? त्याच दिवशी चमच्याने गोडसर औषध पाजलं होतं का?" ते चमच्याचं औषध म्हणजे 'अ' जीवनसत्त्व. बहुतेक आयांना ते बरोबर आठवतं, कारण पोरानं तोंडातून उडवलेलं असतं.

आणि तीन रकाने करा: कार्ड पाहिलं, आईने सांगितलं, माहीत नाही. तिसऱ्या रकान्यातलं मूल लसवाल्यात ढकलायचं नाही आणि बिनलसवाल्यातही नाही.

---

आकडेमोड | शुक्रवार, दुपारी २:०५

सुईदोराताईंच्या मुद्द्याला एक जोड. लस न मिळालेली मुलं चुकून 'लसवाली' म्हणून लिहिली गेली, तर लस आहे त्यापेक्षा वाईट दिसते. मुकादमाच्या यादीत हेच झालं असण्याची दाट शक्यता आहे.

---

जुनी_वही | शुक्रवार, सायंकाळी ६:२०

थोडं अवांतर, पण मला हा विषय फार जवळचा आहे.

प्रयोगशाळेशिवाय, संगणकाशिवाय लस मोजायचं काम आपल्याच मुलखात सव्वाशे वर्षांपूर्वी झालं. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७ साली पुण्यात काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली. लस घेतलेले १४७, त्यांत दोघांना प्लेग, मृत्यू एकही नाही. न घेतलेले १७२, त्यांत बारा जणांना प्लेग आणि सहा मृत्यू.

पण इथे एक शंका राहते. जे स्वतःहून पुढे आले ते मुळातच धडधाकट असतील तर?

पुढच्या वर्षी बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावी त्याचं उत्तर मिळालं. तिथे कुटुंबं एकत्र उभी केली आणि प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली. म्हणजे घर तेच, चूल तीच, उंदीर तेच, पिसवा त्याच. पुढे २८ घरांत प्लेग आला. त्या घरांतल्या लस घेतलेल्या ७१ जणांपैकी तिघे गेले, न घेतलेल्या ६४ पैकी सव्वीस.

वही, दौत आणि घरोघरची नावं, एवढ्याच सामग्रीवर हे झालं. मोजणाऱ्याने आधी विचार केला की कुणाची तुलना कुणाशी करायची. मला ही गोष्ट आठवली की अजून अंगावर काटा येतो.

---

खडीसाखर | शुक्रवार, सायंकाळी ७:००

पण त्या सव्वीस जणांचं काय? घरात अर्ध्यांना द्यायची आणि अर्ध्यांना मुद्दाम नाही, हे मला क्रूर वाटतं. आज कुणी माझ्या दोन मुलांपैकी एकालाच देतो म्हणाला तर मी त्याला दारात उभं करणार नाही.

---

पारिजात | शुक्रवार, रात्री ८:१५

खडीसाखर, ह्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. ज्या लसीचा उपयोग सिद्ध झालाय ती कुणापासून रोखून मोजमाप करणं आज चालणार नाही, आणि चालू नये.

पण एक मधला मार्ग आहे. लस सगळ्यांना एका दिवशी देता येत नाहीच. कुठेतरी आधी, कुठेतरी नंतर होणार. मग 'आधी कुठे' हे नगरसेवकाच्या वशिल्याने न ठरवता चिठ्ठी टाकून ठरवायचं. नवी मुंबई महापालिकेने २०१८मध्ये टायफॉइडची लस दिली तेव्हा आरोग्य केंद्रांच्या २२ भागांची अशीच दोन टप्प्यांत वाटणी केली होती. दुसऱ्या टप्प्याची मुलं कायमची वंचित ठरत नाहीत आणि मधल्या काळात तुलनाही होते.

टायफॉइडची आणखी एक पंचाईत. रक्ताचं कल्चर केलं, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघितले तरी दहापैकी चारेक रुग्ण सुटतात. आणि आपल्याकडे तर माणूस कोपऱ्यावरच्या दुकानातून अँटिबायोटिक घेऊनच डॉक्टरकडे येतो.

---

मांजरीचा_मळा | शुक्रवार, रात्री ९:००

आम्ही हडपसरजवळचे, म्हणून एक नोंद. इथे सीरम इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे लशीच्या कारखान्यात बनलेली मेंदूज्वराची लस २०१०पासून आफ्रिकेत द्यायला सुरुवात झाली. चाडमध्ये काही भागांना आधी मिळाली, काहींना नंतर. २०१२च्या हंगामात लस मिळालेल्या भागांत मेंदूज्वराचं प्रमाण न मिळालेल्या भागांपेक्षा ९४ टक्क्यांनी कमी होतं.

मेंदूज्वराच्या साथी तिकडे एखाद्या वर्षी उसळतात, एखाद्या वर्षी आपोआप बसतात. त्यामुळे नुसतं 'लसीआधी आणि लसीनंतर' बघितलं असतं तर कुणीही म्हटलं असतं की, साथ ओसरायचीच होती. एकाच हंगामात दोन्ही भाग शेजारी ठेवले म्हणून ते पटतं.

---

अबोली | शुक्रवार, रात्री ९:४५

माझ्या आजीकडे कार्डबिर्ड काही नव्हतं. दंडावरचा देवीचा वण दाखवून म्हणायची, "हे बघ माझं सर्टिफिकेट, हरवत नाही आणि भिजत नाही."

---

रानजाई | शुक्रवार, रात्री १०:१०

अबोली, आजी शंभर टक्के बरोबर! देवीच्या निर्मूलनात दंडावरचे वण बघतच गावाची पाहणी व्हायची. बीसीजीचा (क्षयाच्या लसीचा) डाव्या दंडावरचा वण आजही बघतात, पण काही मुलांत तो उमटत नाही. गोवराच्या लसीचा वण राहत नाही, हेच आपलं दुर्दैव.

---

पेठेतला | शुक्रवार, रात्री १०:३०

एक बाळबोध शंका. जुलाबाच्या रोटा लसीबद्दल वाचलं की मलावीत ती ४९ टक्केच चालली. आमच्याकडे ४९ टक्के पडले तर पोराची शिकवणी लागते. अशी लस का द्यायची?

---

पारिजात | शनिवार, सकाळी ८:४०

पेठेतला, हा प्रश्न मला ओपीडीत दर आठवड्याला येतो, शिकवणीसकट.

एकाच अभ्यासात ती लस दक्षिण आफ्रिकेत ७७ टक्के आणि मलावीत ४९ टक्के निघाली. गरीब भागात तोंडाने द्यायच्या लशी कमी चालतात. कुपोषण, आतड्यातले सततचे संसर्ग, आईच्या दुधातली प्रतिपिंडं अशी बरीच कारणं सांगितली जातात. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा बघा. दर शंभर बाळांमागे वर्षाला तीव्र जुलाबाचे किती प्रसंग टळले? दक्षिण आफ्रिकेत ४.२, मलावीत ६.७. जिथे टक्केवारी कमी, तिथे वाचलेली बाळं जास्त, कारण तिथे आजारच मुळात खूप आहे.

आपल्या रोटाव्हॅकच्या, म्हणजे भारतात बनलेल्या रोटा लसीच्या चाचणीत दिल्ली आणि वेल्लोरबरोबर पुणेही होतं. ६,७९९ बाळं, आणि पहिल्या वर्षी तीव्र रोटा जुलाबापासून सुमारे ५६ टक्के संरक्षण. सलाइन लावायला शीर न सापडणारं बाळ ज्याने हातात धरलंय, त्याला ५६ टक्के कमी वाटत नाहीत.

---

रानजाई | शनिवार, सकाळी ११:२०

मूळ प्रश्नाकडे परत. 'संधी सारखी होती असं धरलं तर' हे आकडेमोड यांनी हळूच म्हटलं होतं, ते मोठं 'जर' आहे. ज्यांना लस मिळाली नाही ती मुलं बहुधा नुकतीच आलेली, एका खोलीत आठ जण झोपणारी, अशक्त असतात. त्यांना गोवर जास्त होतो तो केवळ लस नाही म्हणून नव्हे. मग लस आहे त्यापेक्षा भारी दिसते.

दवाखान्यात यावर एक चांगला तोडगा निघालाय. सारखीच लक्षणं घेऊन आलेल्या सगळ्यांची तपासणी करायची, मग ज्यांना तो आजार निघाला आणि ज्यांना निघाला नाही त्यांच्यात लस किती जणांनी घेतली होती हे ताडून बघायचं. दोन्ही गट दवाखान्याची पायरी चढलेलेच, म्हणून तुलना बरीच न्याय्य होते. फ्लू, रोटा, कोविड सगळ्यांत हे वापरलं. मात्र तपासणीचे किट हवेत.

तुमच्या वस्तीत उंढेऱ्याची तुलनेची रीतच बरी, अर्थात लस कुणाचीही न रोखता. बाहेरच्या सोसायटीशी तुलना नको. त्याच खोल्या, तीच मुलं.

---

कडुनिंब | रविवार, रात्री ८:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आणि आज आम्ही तिघी वही घेऊन खोली-खोली फिरलो. आजारी मुलांच्याच नव्हे, सगळ्याच घरी. पाच वर्षांखालचं प्रत्येक मूल, वय, वस्तीत किती दिवसांपूर्वी आलं, पुरळ आलं का, आणि सुईदोराताईंचे तीन रकाने.

विचारायची पद्धत बदलल्यावर यादीच बदलली. पहिल्यांदा "हो, दिलीय" म्हणालेल्या काही आयांना चमच्याचं औषध आठवेना. एकीने पोलिओच्या थेंबांना गोवराची लस समजलं होतं. एकीने कार्ड काढून दाखवलं. ट्रंकेत, लग्नाच्या फोटोखाली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं. मला तिथे बोलवेना.

मुकादमासमोर मी आकडेमोड यांचे १,००० मुलांचे खडे मांडले. अक्षरशः खडे, वाळूतले, अर्थात हजार नाही, शंभरच. नव्वद इकडे, दहा तिकडे. तो बघत राहिला आणि म्हणाला, "मग बाकीच्यांचं लिहा की, आजाऱ्यांचंच का विचारत बसता?" आणि स्वतः पुढच्या तीन खोल्यांत घेऊन गेला.

अडचण एक उरली. 'माहीत नाही' हा रकाना फार मोठा आहे. बऱ्याच जणींची कार्डं गावी राहिलीत.

---

सुईदोरा | रविवार, रात्री ९:१५

शाब्बास गं बाई. गावच्या आशाताईचा फोन नंबर बहुतेक आयांकडे असतो, बाळंतपणात तिनेच नेलेलं असतं. तिला कार्डाचा नाहीतर रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवायला सांगा. आणि सत्राच्या दिवशी 'माहीत नाही' वाल्यांनाही लस द्यायला सांगा. एक डोस जास्तीचा झाला तरी अपाय नाही.

सत्र कधी आहे? मी कात्रजला राहते, सकाळची बस पकडून येईन. रजिस्टर मी धरते, तुम्ही मुलं सांभाळा.

---

कडुनिंब | रविवार, रात्री ९:२२

बुधवारी, साडेनऊला. ताई, मी स्टॉपवर न्यायला येते.

---

आकडेमोड | रविवार, रात्री ९:४०

यादीतली नावं काढून फक्त रकाने मला पाठवा. नऊ महिन्यांखालची मुलं वेगळी ठेवा, त्यांना लस मिळायचीच नव्हती. हिशोब मंगळवारी रात्रीपर्यंत इथेच टाकतो.